गावाचे पाणी, गावाचे रान आणि तरुणांचे नेतृत्व

पर्यावरण हा शब्द उच्चारताच शहरातील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे कारखान्यांचा धूर आणि दूषित नद्या उभ्या राहतात. खेड्यात या शब्दाचा अर्थ अधिक रोकडा आहे. मार्च महिन्यात विहिरीला पाणी किती उरले, गुरांना चारा कोठून आणावयाचा, सरपणासाठी किती दूर जावयाचे, गावाबाहेरील उकिरडा ओढ्यात वाहून जातो की त्याचे खत होते, या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच गावाचे पर्यावरण होय. पुढील चाळीस-पन्नास वर्षे या प्रश्नांना ज्यांना तोंड द्यावयाचे आहे, ती पिढी आज शाळा-महाविद्यालयांत शिकत आहे किंवा नुकतीच शेती-धंद्याला लागली आहे. तेव्हा पर्यावरण रक्षणाच्या कार्यात तरुणांना सहभागी करून घ्यावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो हा सहभाग कोणत्या स्वरूपाचा असावा, याचा.

आजवर बहुतेक ठिकाणी तरुणांच्या वाट्याला श्रमाचा भाग आला आहे. ५ जूनच्या पर्यावरण दिनी त्यांनी खड्डे खणावेत, रोपे लावावीत, घोषणा देत प्रभातफेरी काढावी आणि घरी जावे, असा साधारण शिरस्ता आहे. कोणते झाड कोठे लावावयाचे, त्याला उन्हाळ्यात पाणी कोणी घालावयाचे, त्या जागेवर चराई बंद ठेवावयाची की नाही, हे निर्णय अन्यत्र होतात किंवा होतच नाहीत. परिणामी पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावण्याची वेळ येते. श्रमदानाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्याच्या हाती केवळ कुदळ दिली जाते तो मजूर राहतो. ज्याच्या हाती कुदळीबरोबर गावाची नोंदवहीही दिली जाते आणि ज्याचे म्हणणे ग्रामसभेत ऐकले जाते, तोच पुढे नेता होतो. महाराष्ट्रातील ज्या गावांनी आपले पाणी आणि रान सावरले, त्यांचा अनुभव याच गोष्टीची साक्ष देतो.

कायद्याने दिलेले स्थान

तरुणांना द्यावयाचे अधिकार नव्याने निर्माण करण्याची गरज नाही. त्यांतील बरेचसे आधीच दिलेले आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१ क नुसार वने, सरोवरे, नद्या आणि वन्य जीवसृष्टी यांचे रक्षण व संवर्धन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले आणि अठरा वर्षे पूर्ण झालेला गावाचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद झाला. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. त्याच दुरुस्तीने पंचायतीचा सदस्य होण्यासाठी वयाची किमान मर्यादा २१ वर्षे ठरविली. पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांच्या अकराव्या अनुसूचीत पाणलोट क्षेत्र विकास, पिण्याचे पाणी, सामाजिक वनीकरण, जळण व चारा, अपारंपरिक ऊर्जा हे विषय आहेत. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते आणि गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते.

शिक्षणाच्या बाजूनेही पाया घातला गेला आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. पुढे दुष्काळाच्या दिवसांत, १९७३ साली, ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ या सूत्राखाली विद्यार्थ्यांची शिबिरे भरली. पर्यावरण शिक्षणाचा समावेश अभ्यासक्रमात करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिले. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या माध्यमातून शाळाशाळांत पर्यावरण मंडळे स्थापन झाली. म्हणजे कर्तव्य, मत, संस्था आणि अभ्यासक्रम या चारही गोष्टी उपलब्ध आहेत. उणीव आहे ती शाळेतील शिक्षण आणि ग्रामसभेतील निर्णय यांना जोडणाऱ्या दुव्याची.

हिवरे बाजारचा धडा

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. येथील सरासरी पर्जन्यमान सुमारे ४०० मिलिमीटर. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, शेती एका हंगामावर आली आणि माणसे मजुरीसाठी बाहेर पडू लागली. व्यसने आणि भांडणे यांनी उरलेसुरले बळ खाल्ले. अशा स्थितीत १९८९ मध्ये गावातील तरुणांनी एकत्र येऊन विचार केला आणि आपल्यातील एक पदव्युत्तर शिक्षण घेतलेला तरुण, पोपटराव पवार, यांना सरपंचपदासाठी पुढे केले. त्यांची निवड बिनविरोध झाली. पवार यांच्या कार्याचा २०२० मध्ये पद्मश्री देऊन गौरव करण्यात आला.

या घटनेचे महत्त्व केवळ एका कर्तबगार व्यक्तीच्या उदयापुरते मानणे योग्य होणार नाही. तरुणांनी तेथे गावकारभाराची जबाबदारी घेतली आणि ग्रामसभेला निर्णयाचे स्थान मिळवून दिले. प्रारंभी शाळेच्या सुधारणेचे काम हाती घेण्यात आले. त्यातून गावाचा विश्वास मिळाला. नंतर राळेगण सिद्धीच्या अनुभवावर आधारलेल्या आदर्श गाव योजनेत गाव सहभागी झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंब नियोजन आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. डोंगरउतारावर समपातळी चर खणले गेले, बांधबंदिस्ती झाली, ओढ्यांवर बंधारे झाले. चराईबंदीच्या क्षेत्रात जनावरे सोडण्याऐवजी ठराविक शुल्क भरून विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. त्यामुळे रान वाचले आणि गोठ्यात चाराही आला.

परंतु याहून मोठा निर्णय पाणी अडविल्यानंतरचा आहे. पाणी वाढले की उसाची लागण होते आणि पाच-सात वर्षांत विहिरी पुन्हा कोरड्या पडतात, हा अनेक गावांचा अनुभव आहे. हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचे आणि ऊस व केळी यांसारखी अतिपाण्याची पिके टाळण्याचे ठरविले. पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून त्या वर्षीचा पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, तो ग्रामसभेपुढे ठेवावयाचा आणि पाऊस कमी असेल तर रब्बीची पिके त्या मानाने ठरवावयाची, ही पद्धत गावाने रूढ केली. बंधारा बांधण्यासाठी निधी आणि श्रम पुरेसे असतात. बंधाऱ्यातील पाणी कसे वापरावयाचे हे ठरविण्यासाठी मात्र आकडे आणि एकमत या दोहोंची गरज असते.

मेंढा गावाचा अभ्यास गट

दुसरे उदाहरण राज्याच्या दुसऱ्या टोकाचे, पाण्याऐवजी वनाचे आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव. येथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यामानाने कमी चर्चिली गेलेली गोष्ट म्हणजे ग्रामसभेला पूरक असलेला तेथील अभ्यास गट. गावातील इच्छुक मंडळी एकत्र बसतात, एखादा कायदा, वनाची एखादी योजना किंवा गावापुढील एखादा प्रश्न समजावून घेतात, आवश्यक तर बाहेरील जाणकारांना बोलावतात, शंका विचारतात. अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभाच घेते. मात्र ग्रामसभेत बसणारा माणूस विषय समजून आलेला असतो.

या तयारीचे फळ पुढे दिसले. वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ मध्ये मेंढा गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावरील सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे सुपूर्द केले आणि ग्रामसभा स्वतः बांबूची विक्री करू लागली. अधिकार मागण्याआधी अभ्यास आणि अधिकार मिळाल्यावर हिशेब, असा हा क्रम आहे. तरुण मंडळाने आरंभी अभ्यास गटाचे रूप घेतले, तर वडीलधाऱ्यांशी वाद घालण्याचे प्रसंग कमी येतील आणि त्यांना पटवून देण्याचे साधन हाती राहील.

आकडा बोलू लागतो तेव्हा

या दोन्ही गावांतून निघणारी शिकवण प्रत्यक्षात कशी आणावयाची, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी पडले. समजा, एका गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आहे आणि तेथे वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे त्या गावावर ४० लाख घनमीटर पाणी पडते. गावाची लोकसंख्या १,५०० असेल आणि दरमाणशी दररोज ५५ लिटर हे ग्रामीण पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले, तर वर्षाची घरगुती गरज सुमारे ३० हजार घनमीटर भरते. पडणाऱ्या पावसाच्या एक टक्क्याहूनही ही कमी आहे. अर्थात पडलेले सर्व पाणी हाती लागत नाही. बराच मोठा भाग बाष्पीभवनाने आणि पिके व वनस्पती यांच्या वाटे हवेत जातो, काही भाग ओढ्याने वाहून जातो आणि उरलेला भूगर्भात मुरतो. तरीही एवढा पाऊस पडणाऱ्या गावाला उन्हाळ्यात टँकरची वाट का पाहावी लागते, हा प्रश्न आकडा पाहिल्यावर टाळता येत नाही.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. एक हेक्टर उसाला पाटाने पाणी दिल्यास वर्षाला साधारणतः २० ते २५ हजार घनमीटर पाणी लागते. म्हणजे दीड हजार वस्तीच्या गावाला वर्षभर पुरेल एवढे पाणी सव्वा ते दीड हेक्टर ऊस पितो. ही गोष्ट एखाद्या तरुणाने ऊस लावणाऱ्या बागाईतदाराला तोंडावर सांगितली, तर तो उद्धटपणा ठरेल आणि भांडण लागेल. तीच गोष्ट गावाच्या नोंदवहीतून ग्रामसभेपुढे आली, तर तो गावाचा हिशेब होतो. त्यातून ठिबक सिंचन करावे की पीक बदलावे, याची चर्चा सुरू होऊ शकते. आकड्यांनी हितसंबंध नाहीसे होत नाहीत, पण ते उघड्यावर येतात. पंचायतीपुढे निर्णय येण्यासाठी इतके पुरेसे असते.

वर्षाचा कार्यक्रम

ही नोंदवही ठेवण्यास खर्चिक साधने लागत नाहीत. तरुण मंडळ, शाळेतील पर्यावरण मंडळ आणि ग्रामपंचायत यांनी मिळून पुढील क्रमाने काम हाती घेता येईल.

एप्रिल-मे महिन्यांत गावाचा नकाशा घेऊन शिवारफेरी काढावी. सर्व विहिरी, कूपनलिका, ओढे, बंधारे, गायरान आणि वनक्षेत्र यांची नोंद करावी. नादुरुस्त बंधारे वेगळे नोंदवावेत, कारण नवा बंधारा बांधण्यापूर्वी जुन्यातील गाळ काढणे बहुधा स्वस्त पडते. या फेरीत गावातील वृद्ध शेतकरी आणि गुराखी यांना आवर्जून बरोबर घ्यावे. कोणता झरा पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, हे त्यांच्याखेरीज कोणी सांगू शकत नाही.

जून ते सप्टेंबर या काळात दररोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजावा. प्रमाणित पर्जन्यमापक असल्यास उत्तम. नसल्यास सरळ बाजूंचे, सपाट तळाचे भांडे झाडे व इमारती यांपासून दूर उघड्यावर ठेवून साठलेल्या पाण्याची खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजता येते. शाळेतील विद्यार्थी हे काम उत्तम करतात. रोजचा आकडा शाळेच्या आणि पंचायतीच्या फळ्यावर लिहावा.

विहिरींची पातळी मोजण्यासाठी गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांतील काही विहिरी निश्चित कराव्यात. कठड्यावर एक कायमची खूण करून तेथून वजन बांधलेली टेप सोडावी आणि पाण्यापर्यंतचे अंतर लिहावे. पंप सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या वेळी माप घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची मापे जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत घेते. गावाने हेच महिने पाळल्यास आपल्या नोंदी तिच्या नोंदींशी ताडून पाहता येतात.

पावसाळा संपताच ताळेबंद मांडावा आणि रब्बीच्या पेरणीपूर्वी तो ग्रामसभेपुढे ठेवावा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्यासाठी सोयीची आहे. पिण्याचे पाणी आणि गुरांचे पाणी प्रथम बाजूला काढावे, उरलेल्या पाण्यावर पिके ठरवावीत. ग्रामसभेचा ठराव गावाच्या संमतीवर टिकतो. त्याला कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा ६० मीटरहून खोल विहिरींना खोल विहिरी मानतो आणि त्यांवर निर्बंध घालतो.

वृक्षलागवडीच्या बाबतीत किती रोपे लावली, हा आकडा दुय्यम मानावा. पहिल्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली, हे मोजावे. प्रत्येक जागेपुढे मेलेल्या रोपांचे कारण लिहावे. पाणी मिळाले नाही, जनावराने खाल्ले, माती उथळ होती की जात चुकली, हे समजल्याशिवाय पुढील वर्षीची रोपे मागवू नयेत.

काही पथ्ये

या कार्यात काही गोष्टींची काळजी घेणे अगत्याचे आहे. पहिली म्हणजे ‘तरुण’ या शब्दात मुली आणि नवविवाहित सुना यांचा अंतर्भाव असला पाहिजे. पाणी व सरपण यांचा भार ज्यांच्या डोक्यावर आहे, त्यांनाच या प्रश्नाचे बारकावे माहीत असतात. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. पाण्याचा ताळेबंद प्रथम त्या सभेपुढे ठेवावा.

दुसरी गोष्ट भूमिहीनांची. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांचा फटका सर्वप्रथम शेळ्या राखणाऱ्या आणि मोळी विकणाऱ्या कुटुंबांना बसतो. त्यांच्यासाठी गवताचा वाटा, सरपणाची पर्यायी सोय किंवा काम यांची तजवीज केल्याखेरीज बंदी घातली, तर ती रात्रीच्या अंधारात मोडली जाईल आणि दोष मात्र गरिबाला लागेल. अशा कुटुंबांतील मुले तरुण मंडळात असली पाहिजेत.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. विहिरीवरील माप घेताना लहान मुलांना एकटे पाठवू नये. अवैध वाळूउपसा किंवा वृक्षतोड यांसारख्या प्रकरणांत तरुणांनी परस्पर सामना करण्याच्या फंदात पडू नये. नोंद, ठराव आणि संबंधित अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार हा मार्ग आहे, आणि त्या तक्रारीचा पाठपुरावा करणे ही पंचायतीची जबाबदारी आहे.

चौथी गोष्ट सातत्याची. शिकलेला तरुण नोकरीसाठी गाव सोडून जातो, ही वस्तुस्थिती आहे आणि तिला दोष देऊन उपयोग नाही. म्हणून काम एकट्या उत्साही कार्यकर्त्यावर विसंबू नये. दरवर्षी मोठ्यांनी धाकट्यांना शिकवून नोंदवही त्यांच्या हाती द्यावी. ती वही व्यक्तीच्या घरी नव्हे, तर पंचायतीच्या कपाटात राहावी.

अधिकारी, शिक्षक आणि पंच यांचे कर्तव्य

तरुणांना नेतृत्व द्या, असे सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ वडीलधाऱ्यांनी आपल्या अधिकाराचा काही भाग स्वेच्छेने वाटून घेणे असा होतो. पंचांनी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पाण्याच्या ताळेबंदाला कायमचे स्थान द्यावे आणि तो मांडण्याचा मान तरुण मंडळाला द्यावा. पर्यावरणाशी संबंधित समित्यांवर पंचविशीच्या आतील मुले-मुली असतील, याची दक्षता घ्यावी. लहान रकमेच्या एखाद्या कामाचे नियोजन, देखरेख आणि हिशेब त्यांच्याकडे सोपवावा. हिशेब वाचून दाखविण्याची सवय ही नेतृत्वाची पहिली शाळा होय.

शिक्षकांनी गणित, भूगोल आणि विज्ञान यांची उदाहरणे गावच्या नोंदवहीतून घ्यावीत. टक्केवारी शिकविताना जगलेल्या रोपांची, सरासरी शिकविताना पावसाची, आलेख शिकविताना विहिरींच्या पातळीची उदाहरणे दिल्यास अभ्यासक्रमाला बाधा न येता विद्यार्थ्याला गाव कळू लागतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी सात दिवसांच्या शिबिरात एकच नवे काम करून निघून जाण्याऐवजी त्याच गावात पुढील वर्षी परतून मागील कामाची पाहणी करावी.

अधिकाऱ्यांची जबाबदारी सर्वांत मोठी आहे. तरुणांनी कष्टाने केलेल्या नोंदी घेऊन कार्यालयात जावे आणि तेथे त्या कोणी पाहूही नयेत, असे एकदा घडले की दुसऱ्यांदा ते येत नाहीत. नोंदीत चूक असेल तर ती दाखवावी, माप घेण्याची योग्य रीत शिकवावी, पण उत्तर अवश्य द्यावे. गावाच्या नोंदी आणि शासकीय नोंदी यांत तफावत आढळल्यास दोघांनी मिळून विहिरीवर जाऊन पुन्हा माप घ्यावे. तेथे अनुभवी अधिकाऱ्याइतकाच विशीतील तरुणाचाही शब्द तपासला जातो, हे गावाला दिसेल. तरुणांच्या मनात शासनाविषयी विश्वास निर्माण करण्याचा याहून प्रभावी मार्ग नाही.

हिवरे बाजारच्या तरुणांनी १९८९ मध्ये पुढाकार घेतला तेव्हा त्यांच्यापुढे मळलेली वाट नव्हती. आज ती आहे. मोजण्याची रीत ठाऊक आहे, कायद्याचा आधार आहे, ग्रामसभा आहे आणि शिकलेली मुले-मुली गावोगावी आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पंचायतीने एक नोंदवही विकत घेऊन ती गावातील तरुणांच्या स्वाधीन करावी आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी मांडलेला हिशेब ग्रामसभेने शांतपणे ऐकावा. एवढ्याने सर्व प्रश्न सुटणार नाहीत. परंतु गावचे पाणी आणि रान यांविषयीचा निर्णय ज्यांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्यांच्या सहभागाने होऊ लागेल, आणि असे निर्णय पाळण्याची जबाबदारीही तेच पुढे उचलतील.